लुईज अर्ड्रिक : सुरुवात कुठून करायची आणि एवढी माणसं लक्षात कशी ठेवायची?

सायली_प
लुईज अर्ड्रिक या अमेरिकन लेखिकेबद्दल इथे कुणी लिहिलंय का ते शोधत होते. एक-दोन ओळींपलीकडे काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

सध्या तिची पहिली कादंबरी 'लव्ह मेडिसिन' (१९८४) वाचतेय आणि निम्म्यात अडकलेय. सुरुवात अशी आहे की पुस्तक खाली ठेववत नाही. १९८१ सालचा ईस्टर. जून कॅशपॉ नावाची बाई नॉर्थ डकोटातल्या एका तेलाच्या गावातून बर्फातून पायी घराकडे निघते आणि वाटेतच मरते. वाटलं, आता तिच्या मुलांची गोष्ट येणार. पुढचं प्रकरण उघडलं तर साल १९३४, बोलतेय एक किशोरवयीन मुलगी आणि कॉन्व्हेंटमधली नन तिच्या हातात काटा खुपसतेय. मग लामार्टिन, मग मॉरिसी, मग पिलेजर. दर प्रकरणात नवंच कुणीतरी 'मी' म्हणून बोलायला लागतं.

माझं मत स्पष्ट सांगते. ही कादंबरी नाही. नात्यातल्या माणसांच्या सुट्या कथा आहेत आणि त्यांच्यावर कादंबरीचा शिक्का मारलाय. तरी भाषा अशी की सोडवत नाही. जाणकारांनी सांगा: हेच पुढे रेटू की दुसऱ्या पुस्तकापासून सुरू करू? आणि एवढा गोतावळा तुम्ही लक्षात कसा ठेवता?

रानवाटा
हेच पुढे न्या. सोडू नका.

तात्या_खरे
वहीच्या शेवटच्या पानावर वंशावळ काढत जा, सोपं पडतं. आमच्या घरात भाऊबंदकीचा दावा तीन पिढ्या चालला, त्यामुळे कॅशपॉ आणि मॉरिसी लक्षात ठेवायला मला काही जड गेलं नाही. कोण कुणाशी बोलत नाही एवढं कळलं की निम्मं काम झालं.

मीनल_देव
सायली, तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. 'लव्ह मेडिसिन'मधलं पहिलं प्रकरण आधी स्वतंत्र कथा म्हणून छापून आलं आणि त्या कथेला १९८२ मध्ये नेल्सन ऑल्ग्रेन पुरस्कार मिळाला होता. बाकी कथा तिच्याभोवती जमत गेल्या. पण गंमत पुढे आहे. पुस्तकाला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा पुरस्कार मिळाला, नाव झालं, तरी बाईंनी त्याला हात लावणं थांबवलं नाही. १९९३ मध्ये नवीन प्रकरणं घालून वाढवलं, २००९ मध्ये पुन्हा बदललं. पहिल्याच पुस्तकाकडे पंचवीस वर्षं परत परत जाणाऱ्या लेखिकेला ते नुसत्या सुट्या कथांचं बाड वाटत नसणार.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. अर्ड्रिकचा जन्म ७ जून १९५४ चा, मिनेसोटातल्या लिटल फॉल्सचा. सात भावंडांतली ती थोरली. वडील जर्मन वंशाचे. आई ओजिब्वे आणि फ्रेंच वंशाची, टर्टल माउंटन बँड ऑफ चिप्पेवा या जमातीची. वाढली नॉर्थ डकोटातल्या वॉपटन या गावात, कारण आई-वडील दोघंही तिथल्या सरकारी आदिवासी निवासी शाळेत शिक्षक होते. लेकीने लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीमागे वडील पाच सेंटचं नाणं द्यायचे आणि आई रंगीत कागदाच्या पट्ट्या विणून त्या गोष्टींना वेष्टणं करायची. ही आठवण तिने बऱ्याच मुलाखतींत सांगितली आहे.

१९७२ मध्ये डार्टमथ कॉलेजने पहिल्यांदा मुलींना प्रवेश दिला आणि त्या पहिल्या तुकडीत ती होती. त्याच वर्षी तिथे मूळ अमेरिकन लोकांच्या अभ्यासाचा विभागही सुरू झाला. मग जॉन्स हॉपकिन्समध्ये लेखनाचं शिक्षण. मधल्या काळात तिने बिटाच्या शेतात खुरपणी केली, वेट्रेसची कामं केली, महामार्गावर ट्रकांची वजनं केली, तुरुंगात कविता शिकवली. तिच्या पात्रांच्या हातांना कायम काहीतरी काम असतं, ते यातूनच आलं असं मला वाटतं. नुसतं बसून विचार करणारं माणूस तिच्या पुस्तकात फार कमी भेटतं.

त्यानंतर 'द बीट क्वीन', 'ट्रॅक्स', 'द बिंगो पॅलेस' आणि पुढे बरीच. बहुतेकांची भूमी एकच: अर्गस हे काल्पनिक गाव आणि शेजारचं रिझर्वेशन, म्हणजे आदिवासी जमातीसाठी राखलेला प्रदेश. एका पुस्तकातली म्हातारी दुसऱ्यात तरुण होऊन येते. 'लव्ह मेडिसिन'मधली लुलू 'ट्रॅक्स'मध्ये लहान मुलगी आहे आणि म्हातारा नानापुश आपली हकिगत तिलाच सांगतोय. मोठ्या लग्नघरात पहिल्या दिवशी कोण मामा आणि कोण चुलता कळत नाही, मांडव उतरेपर्यंत सगळ्यांच्या कुरापती तोंडपाठ होतात, तसं हे वाचायचं.

निखिल_व
मी थोडा विरोधी सूर लावतो. अर्ड्रिकची वाक्यं सुंदर असतात यात वाद नाही. पण सौंदर्य कधी कधी आड येतं. 'द बीट क्वीन' (१९८६) आल्यावर लेस्ली मार्मन सिल्को या स्वतः मूळ अमेरिकन असलेल्या लेखिकेनेच त्यावर कडक टीका केली होती. भाषेची कारागिरी चमकदार आहे, पण बाहेरचं जग, वंशद्वेष, राजकारण गायब झालंय, असा तिचा रोख होता. मला तो आरोप पटतो. मी 'बीट क्वीन' आणि 'ट्रॅक्स' वाचलं आणि दोन्हींत भाषेच्या धुक्यात माणसं हरवल्यासारखी वाटली. पुढचं वाचायची इच्छा झाली नाही.

फारगोकर
नाव वाचूनच कळलं असेल, मी फारगोला असतो. वॉपटन इथून गाडीने तासाभरावर, दक्षिणेला. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

हा रेड नदीच्या खोऱ्याचा भाग. जमीन इतकी सपाट की क्षितिजावर धान्याचे एलेव्हेटर, म्हणजे उंच कोठारं, दिसतात, ते गाव यायच्या कितीतरी आधीपासून. ऑक्टोबर लागला की शुगर बीटची काढणी सुरू होते आणि ती रात्रंदिवस चालते. ट्रकच्या रांगा, रस्त्यावर चिखल, उघड्यावर रचलेले बिटाचे लांबच लांब ढीग. थंडीत ते ढीग गोठतात आणि कारखाना महिनोन्‌महिने चालू राहतो. हिवाळाभर वारा फिरला की तो वास गावात येतो. अर्ड्रिकचं २०२४ चं 'द मायटी रेड' याच बिटाच्या शेतीवर आहे. तणनाशकं, कर्ज, मातीचं काय होतंय, आणि या सगळ्यात अडकलेलं एका तरुण पोरीचं लग्न. इथल्या शेतकऱ्याशी गप्पा मारून मग ते पुस्तक वाचलं, एकही वाक्य परकं वाटलं नाही.

निखिल, राजकारण गायब असतं म्हणताय, पण याच बाईंनी २००७ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाची मानद डॉक्टरेट नाकारली. कारण विद्यापीठाच्या संघांचं नाव 'फायटिंग सू' होतं ('सू' हे आदिवासींचंच नाव) आणि चिन्ह म्हणून आदिवासी माणसाचा चेहरा. स्वतःच्या राज्याचं विद्यापीठ, घरच्यांसमोर सन्मान, आणि नाही म्हणाल्या. ते नाव पुढे २०१२ मध्ये गेलं. इथे हॉकीच्या प्रेमापायी त्या नावासाठी मारामारीवर येणारे लोक मी स्वतः पाहिलेत, त्यामुळे त्या नकाराची किंमत मला ठाऊक आहे.

मिनियापोलिसला गेलात तर त्यांचं पुस्तकांचं दुकान जरूर बघा. बर्चबार्क बुक्स, २००१ पासून आहे. छोटंसंच. आत एक जुनं चर्चचं कन्फेशनल ठेवलंय, पापाची कबुली द्यायची लाकडी खोली. मूळ अमेरिकन लेखकांची पुस्तकं तिथे आहेत तेवढी एकत्र मी दुसऱ्या दुकानात पाहिली नाहीत.

स्वरा१२
फारगोकर, बिटाचा वास कसा असतो हो? उसाच्या मळीसारखा?

फारगोकर
@स्वरा१२, मळी परवडली.

अॅड_ऋजुता
निखिल यांचा 'राजकारण गायब' हा मुद्दा 'द राउंड हाऊस'पुढे (२०१२) टिकत नाही. ते लिहायचंच आहे मला, कारण कायद्याच्या पोकळीवर इतकी नेमकी कादंबरी मी वाचलेली नाही. पुढे थोडं कथानक येणार आहे, वाचायचं नसेल त्यांनी हा प्रतिसाद ओलांडावा.

साल १९८८. तेरा वर्षांचा जो कूट्स गोष्ट सांगतोय. त्याची आई जेराल्डिन जमातीच्या नोंदणी कार्यालयात काम करते, वडील बॅझिल जमातीच्या न्यायालयात न्यायाधीश आहेत. एका रविवारी आईवर बलात्कार होतो. ती कशीबशी जीव वाचवून येते आणि खोलीत जाऊन पडते ती उठतच नाही. गुन्हेगार कोण ते हळूहळू कळतं. तरी खटला उभा राहत नाही. का?

कारण तिच्या डोक्यावरून पिशवी घातलेली होती, काही दिसत नव्हतं. गुन्हा नेमका कुठे झाला ते तिला सांगता येत नाही. आणि त्या जागेजवळ जमातीची जमीन, राज्याची जमीन आणि खाजगी मालकीची जमीन अशा तिन्ही एकमेकींना लागून आहेत. चार पावलं इकडे की तिकडे, यावर पोलीस कुठले, वकील कुठले, न्यायालय कुठलं हे ठरतं. त्यात गुन्हेगार मूळ अमेरिकन नाही. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलिफंट खटल्यात निकाल दिला की जमातीच्या न्यायालयांना बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे न्यायाधीश बॅझिल कूट्स यांच्या बायकोवर अत्याचार झाला आणि त्यांच्याच न्यायालयाला त्या माणसाला हात लावता येत नाही.

यात एक प्रसंग आहे, मी माझ्या ज्युनियर्सना वाचून दाखवलाय. मुलगा वडिलांवर चिडतो, तुमच्याकडे काय, हॉट डॉग चोरणाऱ्यांचे खटले येतात. वडील खराब झालेलं नूडल्सचं कॅसरोल टेबलावर घेतात आणि त्यावर काटे, सुऱ्या, चमचे एकावर एक रचत जातात. एकेक भांडं म्हणजे एकेक निकाल. तळातलं सडकं कॅसरोल म्हणजे १८२३ चा जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश, ज्यात ठरलं की गोऱ्यांनी 'शोध' लावला म्हणून जमिनीवर अंतिम हक्क त्यांचा. अख्खा डोलारा त्या नासक्या पायावर उभा आहे. आणि म्हणून वडील छोटे छोटे निकाल जपून, एकही सांधा सैल न ठेवता लिहीत बसतात, पुढच्या पिढ्यांना उभं राहायला पक्कं काहीतरी असावं म्हणून. कायद्याच्या पुस्तकात पन्नास पानं वाचून जे कळत नाही ते त्या जेवणाच्या टेबलावर कळतं.

अर्ड्रिकने शेवटच्या टिपणात आकडाही दिलाय: तीनपैकी एका मूळ अमेरिकन स्त्रीवर आयुष्यात कधीतरी बलात्कार होतो. या पुस्तकाला २०१२ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. मार्च २०१३ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराच्या कायद्याचं नूतनीकरण झालं, त्यात जमातींना बाहेरच्या माणसावर खटला चालवायचा थोडा अधिकार परत मिळाला, पण घरगुती हिंसेपुरताच. अनोळखी माणसाने केलेला बलात्कार त्यात बसत नव्हता, म्हणजे जेराल्डिनला २०१३ चा कायदाही उपयोगी पडला नसता. ती त्रुटी २०२२ च्या दुरुस्तीने बरीचशी भरून काढली. कादंबरीमुळे कायदा बदलला असं मी म्हणणार नाही, त्यामागे आदिवासी स्त्रियांच्या संघटनांची कितीतरी वर्षांची लढाई आहे. पण कायदा कुठे फाटलाय ते सामान्य वाचकाला या पुस्तकाने दाखवलं.

सायली_प
बाप रे. ऋजुताताई, हे वाचून 'राउंड हाऊस' लगेच यादीत घातलंय.

निखिल_व
ऋजुता, प्रतिसाद अतिशय आवडला. 'राउंड हाऊस' मी वाचलेलं नव्हतं, गेल्या चार दिवसांत वाचून काढलं. आता माझा आक्षेप बदललाय, पण आहे. (कथानक फुटतंय, सावध.)

शेवटी मुलं स्वतःच त्या माणसाला गोल्फच्या मैदानावर गोळी घालतात. वाचताना मला हायसं वाटलं, आणि तेच मला खटकलं. पाया पक्का करायचा म्हणून बाप आयुष्यभर निकाल लिहीत बसलाय आणि लेखिका प्रश्न सोडवते बंदुकीने. मग बापाच्या त्या सगळ्या कष्टांना अर्थ काय?

अॅड_ऋजुता
निखिल, शेवटची पन्नास पानं पुन्हा वाचा अशी विनंती. प्रश्न सुटतो कुठे? गोळी घातल्यानंतर जो कूट्स नीट झोपू शकत नाही. मित्र गमावतो. आई-बापाला सगळं कळलंय हे त्यालाही कळतं आणि तिघं ते ओझं घेऊन एका गाडीत बसून घरी येतात, वाटेत नेहमीच्या ठिकाणी न थांबता. अर्ड्रिकने सूड गोड करून दाखवलेला नाही. कायदा नसेल तिथे तेरा वर्षांच्या पोराच्या अंगावर काय येऊन पडतं ते दाखवलंय. वडिलांचं काम म्हणूनच महत्त्वाचं, की असं कुणा पोरावर येऊ नये.

याच्या आधीचं 'द प्लेग ऑफ डव्ह्ज' वाचलंत तर हा धागा आणखी मागे जातो. त्यात एका गोऱ्या कुटुंबाचा खून होतो आणि जमाव निरपराध आदिवासींना पकडून फाशी देतो, त्यात होली ट्रॅक नावाचा पोरगाही. त्याच्या मुळाशी १८९७ साली नॉर्थ डकोटात खरोखर घडलेला प्रसंग आहे. जमावाचा न्याय काय असतो ते तिने आधीच लिहून ठेवलंय. त्याच लेखिकेने 'राउंड हाऊस'चा शेवट लिहिलाय हे विसरू नये.

निखिल_व
हं. गाडीचा प्रसंग मी घाईत वाचला बहुतेक. विचार करतो. शेवट खटकतो हे मात्र अजून म्हणेन.

माई_साठ्ये
तुमच्या चर्चा वजनदार चालल्यात, मी जरा हलकं लिहिते. नातीसाठी 'द बर्चबार्क हाऊस' (१९९९) आणलं होतं, तेही अर्ड्रिकचंच, मुलांसाठी लिहिलेलं. १८४७ सालची ओमाकायास नावाची सात वर्षांची ओजिब्वे मुलगी, सुपीरियर सरोवरातल्या बेटावर राहणारी. उन्हाळ्यात बर्च झाडाच्या सालीचं घर बांधायचं, वसंतात मेपलचा रस गोळा करून साखर करायची, कातडी कमवायची, धाकट्या भावाचा राग यायचा. आणि मग हिवाळ्यात देवीची साथ येते. तिथे मला वाचता वाचता थांबावं लागलं. नात म्हणाली, आजी वाच ना पुढे.

चित्रंही बाईंनी स्वतः काढलीत. अमेरिकेत लॉरा इंगल्स वाइल्डर यांची माळरानावरच्या छोट्या घराची पुस्तकं घरोघर वाचतात, माझ्या लेकीनेही लहानपणी वाचली होती. त्यांत 'इंडियन' येतात ते भीतीदायक पाहुणे म्हणून. या पुस्तकात घरच त्यांचं आहे आणि पाहुणे आहेत गोरे. नातीला दोन्ही वाचून दाखवा असं मी लेकीला सांगितलंय.

डोळ्यांमुळे मी आता ऐकतेच जास्त. 'लारोझ', 'द नाइट वॉचमन' आणि 'द सेंटेन्स' ही तिन्ही बाईंनी स्वतःच्या आवाजात वाचली आहेत. सावकाश, ठाम आवाज. सायली, तुम्हाला माणसं लक्षात राहत नसतील तर ऐकून बघा.

तात्या_खरे
माई, साधी माहिती म्हणून विचारतो, मेपलची साखर चहात चालते का?

माई_साठ्ये
तात्या, चालते. पण मग तो चहा राहत नाही.

केतकीवन
अवांतर असेल तर क्षमस्व. अर्ड्रिकच्या आयुष्याबद्दल शोधलं की मायकेल डॉरिसचं प्रकरण समोर येतं. डार्टमथला त्या नव्या विभागाचा प्रमुख तो, पुढे नवरा. दोघं एकमेकांचे मसुदे तपासायचे, 'द क्राउन ऑफ कोलंबस' (१९९१) दोघांच्या नावावर आलं. मग वेगळे झाले, त्याच्यावर गंभीर आरोप झाले, १९९७ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्या काळात काही जण सरळ म्हणायचे की तिची पुस्तकं मुळात त्याचीच. हे कितपत खरं?

मीनल_देव
केतकी, याचं उत्तर तारखांत आहे. १९९७ नंतरची तिची पुस्तकं बघा. फादर डेमियन म्हणून आयुष्यभर रिझर्वेशनवर राहिलेल्या बाईची ती विलक्षण कादंबरी २००१ ची. 'प्लेग ऑफ डव्ह्ज' २००८, 'राउंड हाऊस' २०१२, 'लारोझ' २०१६, 'नाइट वॉचमन' २०२०. मुली वाढवत, दुकान चालवत हे सगळं लिहिलंय. बाईने चांगलं लिहिलं की मागचा पुरुष शोधायची लोकांना खोड असते. आरोप आणि घरातल्या दुःखाबद्दल मी काही लिहिणार नाही, त्यात त्यांची मुलं आहेत.

केतकीवन
पटलं. धन्यवाद मीनलताई.

रानवाटा
आता मी सविस्तर लिहितो, कारण धाग्यावर 'द नाइट वॉचमन'चं नुसतं नाव येतंय आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं पुस्तक आहे. २०२१ चं पुलित्झर त्यालाच मिळालं.

१ ऑगस्ट १९५३ ला अमेरिकी काँग्रेसने ठराव क्रमांक १०८ मंजूर केला. म्हणायचं असं की आदिवासींना सरकारी पालकत्वातून मोकळं करतो. अर्थ असा की करार संपले, रिझर्वेशन संपलं, मदत संपली, जमीन विकायला मोकळी. त्यात नाव घेऊन ज्या जमाती संपवायच्या होत्या, त्यांत टर्टल माउंटन होती. आणि त्या वेळी जमातीचे अध्यक्ष होते पॅट्रिक गुर्नो, अर्ड्रिकचे आजोबा, आईचे वडील. आठवीपर्यंत शिकलेले. रात्री कारखान्यात पहारेकरी.

कारखाना कसला, तर ज्यूएल बेअरिंगचा. घड्याळात आणि लष्करी उपकरणांत बसवायचे बारीक खडे तासायचं काम, तिथे जमातीच्या बायका करायच्या. कादंबरीतला थॉमस वॉझश्क त्या रिकाम्या कारखान्यात रात्री फेरी मारतो, हजेरीचं घड्याळ दाबतो आणि मधल्या वेळात पत्रं लिहितो. सिनेटरांना, अधिकाऱ्यांना, वर्तमानपत्रांना, मुलांना. झोप येऊ नये म्हणून स्वतःशी झगडत. निवासी शाळेत शिक्षेपायी मेलेला त्याचा मित्र रॉडरिक रात्री येऊन त्याच्याशी बोलतो. आजोबांची त्या काळातली पत्रं अर्ड्रिकच्या घरात जपून ठेवलेली होती, त्यांवरूनच तिने हा माणूस उभा केला.

वॉशिंग्टनला सुनावणीला जायचं तर पैसे नाहीत. मग काय करतात? मुष्टियुद्धाचा सामना भरवतात, तिकिटं लावतात. जमातीची गरिबी सिद्ध करायला एका विद्यार्थिनीने केलेला अभ्यास शोधून काढतात आणि ती पोरगी साक्षीला येते. समोर सिनेटर आर्थर वॉटकिन्स, युटाचे, खरं नाव तसंच ठेवलंय. १९५४ च्या मार्चमध्ये ही सुनावणी झाली आणि टर्टल माउंटन वाचली. शंभराहून अधिक जमाती वाचल्या नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी जमातीला परत मान्यता मिळायला १९७३ उजाडलं.

निखिल, तुम्हाला भाषेचं धुकं नको ना? मग हेच वाचा. यात वाक्यं छोटी आहेत, प्रकरणं छोटी आहेत. पात्रिस नावाची कारखान्यात काम करणारी मुलगी बेपत्ता बहिणीला शोधायला मिनियापोलिसला जाते आणि निळ्या बैलाचा रबरी पोशाख घालून बारमधल्या पाण्याच्या टाकीत पोहायची नोकरी तिच्या गळ्यात पडते. हसता हसता अंगावर काटा येतो, कारण त्या पोशाखाने आधीच्या मुलींचं काय झालं ते नंतर कळतं.

फारगोकर
रानवाटा यांना पूर्ण अनुमोदन. त्या आजोबांची जमात आजही तिथेच आहे, बेलकोर्ट गावाभोवती, कॅनडाच्या सीमेजवळ. मी गेलोय. सपाट प्रदेश संपून टेकड्या आणि झाडी सुरू होते. १९५४ ची सुनावणी हरले असते तर नकाशावर तिथे काही उरलं नसतं.

सायली_प
मंडळी, एवढं सगळं वाचून पुन्हा 'लव्ह मेडिसिन' हातात घेतलं आणि आज संपवलं.

लिप्शाचं प्रकरण आलं आणि सगळं जुळलं. म्हाताऱ्या नेक्टरचं मन जुन्या प्रेयसीकडे ओढ घेतंय म्हणून त्याची बायको मारी नातवासारख्या वाढवलेल्या लिप्शाला वशीकरणाचं औषध करायला सांगते. जन्मभर जोडीने राहणाऱ्या रानहंसांची काळजं हवीत. लिप्शाला काही हंस मारता येत नाही. मग तो दुकानात जाऊन फ्रीझरमधल्या टर्कीची काळजं विकत आणतो आणि पवित्र करून घ्यावीत म्हणून चर्चमध्ये फादरकडे जातो. ते नाही म्हणतात, तेव्हा स्वतःच पवित्र पाण्यात बोटं बुडवून काम उरकतो. नेक्टरच्या घशात ते काळीज अडकतं आणि तो मरतो. मी आधी मोठ्याने हसले आणि दोन पानांनंतर मारीचं बोलणं वाचून रडले. आणि तोवर मला मारी कोण, ती चौदा वर्षांची असताना ननने तिला काय केलं होतं, नेक्टर तिला टेकडीवर कसा भेटला, लुलूचं घर कुणी जाळलं, हे सगळं ठाऊक होतं. वंशावळ काढली होती, पण बघायची गरज पडली नाही. जून त्या बर्फातून का निघाली तेही शेवटी लिप्शामुळेच कळतं. सुट्या कथा वाचून हे झालं नसतं, त्यामुळे कादंबरी आहे हे मान्य.

आता पुढचं कोणतं?

मीनल_देव
मी 'ट्रॅक्स' म्हणेन. १९१२ ते १९२४ चा काळ, 'लव्ह मेडिसिन'मधल्या लोकांची आधीची पिढी. १८८७ च्या डॉझ कायद्याने सामायिक जमिनीचे तुकडे पाडून माणशी वाटले आणि मग कर थकला की ते तुकडे लाकूडवाल्यांच्या घशात गेले. देशभरात १९३४ पर्यंत सुमारे ९ कोटी एकर जमीन अशी हातातून गेली. ते सगळं फ्लर पिलेजरच्या एका तुकड्यावर घडताना दिसतं. शेवटी लाकूडतोडे येतात तेव्हा तिने आपली झाडं आधीच बुंध्याशी कापून ठेवलेली असतात, नुसती तोलावर उभी. वारा सुटतो. पुढचं वाचाच.

अॅड_ऋजुता
माझं मत 'राउंड हाऊस', पण ते सगळ्यांना आधीच कळलंय. त्यानंतर 'लारोझ'. शिकारीत हरणावर नेम धरताना एका माणसाच्या हातून शेजाऱ्याचा पाच वर्षांचा मुलगा मरतो आणि तो स्वतःचा मुलगा त्या शेजाऱ्यांना देऊन टाकतो. कायद्याने नाही, जुन्या रीतीने. तीन पुस्तकं मिळून न्यायाबद्दलची एकच मोठी गोष्ट होते: 'डव्ह्ज'मध्ये जमावाचा न्याय, 'राउंड हाऊस'मध्ये सूड, 'लारोझ'मध्ये भरपाई. निखिल यांना हवा असलेला शेवट कदाचित तिथे मिळेल.

निखिल_व
'लारोझ' मागवलंय. 'ट्रॅक्स'लाही पुन्हा हात घालेन, मीनलताईंनी झाडांबद्दल जे लिहिलंय ते मला आठवतच नव्हतं.

माई_साठ्ये
'द सेंटेन्स' कुणी सुचवलं नाही. पुस्तकांच्या दुकानात मेलेल्या गिऱ्हाइकाचं भूत येतं, तेही मिनियापोलिसला करोना आणि जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाच्या वर्षात. दुकानाची मालकीण लुईज म्हणून बाई स्वतःही त्यात आहेत. टूकी नावाची नायिका तर मला फारच आवडली. तुरुंगात वाचायला शब्दकोश मिळाला तिला, त्यावर जगली.

सायली_प
'ट्रॅक्स'च घेते आधी, त्याच माणसांत राहावंसं वाटतंय. मग ऋजुताताईंचं 'राउंड हाऊस'. 'ट्रॅक्स' इथल्या ग्रंथालयात नाहीये. पुण्यात कुणाकडे प्रत आहे का? येऊन घेऊन जाईन, दिवाळीच्या आत परत करेन.

मीनल_देव
माझ्याकडे आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. समासात पेन्सिलच्या खुणा आहेत, चालतील ना?

सायली_प
धावतील.